मिलिंदाचा वारसा : विज्ञान, शिक्षण आणि धम्म

आपल्या शाळेत मुलाला दाखल करताना पालक हमखास दोन प्रश्न विचारतात. गणित व विज्ञान कसे शिकवता, हा पहिला. वंदना आणि ध्यान यांत मुलांचा किती वेळ जातो, हा दुसरा. यामागील काळजी आम्हांस समजते. पुंडलिकनगर, गारखेडा, मुकुंदवाडी या वस्त्यांतून अथवा जिल्ह्याच्या दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्या ज्या आईवडिलांनी चिकलठाण्याच्या कारखान्यात, बांधकामावर किंवा कोरडवाहू शेतात राबून मुलाच्या शिक्षणाची सोय केली, त्यांना त्याचा एक तासही वाया जाऊ द्यायचा नसतो. शिकून मोठे झालेले आपले काही माजी विद्यार्थी मात्र उलट बाजूने विचारतात. विज्ञानाच्या युगात अध्यात्माचे प्रयोजन काय? विहार आणि प्रयोगशाळा एकाच आवारात कशा नांदणार?

या शंकांना केवळ श्रद्धेचे उत्तर देणे धम्माला शोभणारे नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाचा थोडा सविस्तर विचार करावा, असे आम्हांस वाटले. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच शहरात या प्रश्नाचे एक उत्तर सात दशकांहून अधिक काळ उभे आहे.

१९५० : एका वर्षातील तीन घटना

२६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्ध व त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला. आधुनिक समाजाला कोणता धर्म चालेल, याच्या कसोट्या त्यांनी त्यात मांडल्या. धर्म नीतीवर उभा असावा, तो विज्ञानाशी व बुद्धीशी सुसंगत असावा, त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मान्य करावी, आणि त्याने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, असा त्यांचा आग्रह होता. आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात, त्यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आपल्या शहरात सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्याचा भाग होता. उच्च शिक्षणासाठी बहुतेकांना हैदराबादची वाट धरावी लागे आणि गरिबाच्या, त्यातही दलिताच्या मुलाला ती वाट जवळपास बंदच होती. अशा मागासलेल्या प्रदेशात बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले आणि पुढे त्याचे नाव ठेवले ‘मिलिंद’. परिसराला नाव मिळाले ‘नागसेनवन’.

या दोन नावांचा अर्थ आपण क्वचितच थांबून पाहतो. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर त्याची सत्ता होती आणि सागल ही त्याची राजधानी होती. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात हा राजा भिक्खू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारतो. आत्मा नसेल तर पुनर्जन्म कोणाचा? रथ म्हणजे नेमके काय? चाके, आस, जू की आणखी काही? नागसेन प्रत्येक वेळी रोजच्या जगण्यातील दृष्टान्त देऊन उत्तर देतात. राजाचे समाधान झाले नाही तर तो पुन्हा विचारतो आणि नागसेन दुसरा दृष्टान्त देतात.

म्हणजे महाविद्यालयाला जे नाव मिळाले ते प्रश्नकर्त्याचे आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाकारला गेला होता, त्यांच्या मुलांसाठी उभारलेल्या विद्यालयाला हे नाव लाभले. आमच्या मते बाबासाहेबांच्या शिक्षणविचाराचे सार या नामकरणात आहे, आणि विज्ञान, शिक्षण व धम्म हे तिन्ही प्रवाह जेथे एकत्र येतात ते ठिकाणही हेच आहे. निर्भय प्रश्न हे ते ठिकाण होय.

पंडितांची चर्चा आणि राजांची चर्चा

याच ग्रंथात एक मार्मिक प्रसंग आहे. राजा चर्चेस बोलावतो तेव्हा नागसेन त्यास एक अट घालतात. पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर चर्चा करू, राजांप्रमाणे बोलणार असाल तर नको. दोहोंत फरक काय, असे राजा विचारतो. नागसेन सांगतात की पंडितांच्या चर्चेत मुद्दा मांडला जातो, खोडला जातो, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते आणि तरीही कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि त्यास कोणी विरोध केला की शिक्षा फर्मावतात. राजा पंडितांची रीत पत्करतो आणि मगच संवाद सुरू होतो.

विज्ञानाची रीत याहून वेगळी नाही. कोणताही सिद्धान्त तो कोणी मांडला यावरून खरा ठरत नाही. तो तपासता येतो, इतरांना तो प्रयोग पुन्हा करता येतो आणि प्रयोग विरुद्ध गेला तर मोठ्या नावालाही माघार घ्यावी लागते. शिक्षणाची रीतही हीच असली पाहिजे. परंतु आपल्या घरांत आणि वर्गांत कोणती चर्चा चालते, याचा प्रामाणिक विचार करावा. मुलाने शंका विचारली की ‘उलट बोलू नकोस’ म्हणणारा पालक आणि ‘पुस्तकात आहे तेवढेच लिही’ म्हणणारा शिक्षक राजांच्या रीतीने बोलत असतो. अशा वातावरणात विज्ञान विषयात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी घडेल. वैज्ञानिक दृष्टिकोन मात्र घडणार नाही.

कालामांची कसोटी

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांपुढे मांडलेली अडचण आजच्या वाचकाला फार ओळखीची वाटेल. गावात निरनिराळे उपदेशक येतात, प्रत्येक जण आपलेच मत खरे म्हणतो आणि दुसऱ्याची निंदा करतो. आम्ही कोणावर विश्वास ठेवावा? आज हेच उपदेशक भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिवसरात्र येत असतात.

तथागतांनी कालामांना सांगितले की परंपरेने चालत आले, ऐकिवात आले, ग्रंथात आहे, तर्काला पटले, सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्याच कारणांवरून काही स्वीकारू नये. या सुत्ताचा उल्लेख आपल्या व्याख्यानांत नेहमी होतो. पण पुष्कळदा तो येथेच थांबतो आणि ‘मनाला पटेल ते माना’ असा त्याचा सोपा अर्थ लावला जातो. सुत्त मात्र पुढे जाते. लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचे हित होते की अहित, हे तथागत कालामांनाच विचारतात. जे आचरल्याने स्वतःचे व इतरांचे अहित होते आणि सुज्ञ ज्याची निंदा करतात ते सोडावे. जे हिताचे आहे आणि सुज्ञ ज्याची प्रशंसा करतात ते स्वीकारून आचरावे. म्हणजे कसोटी आवडीनिवडीची नसून आचरणाच्या परिणामांची आहे.

येथे विज्ञान आणि धम्म यांतील साम्य व भेद दोन्ही स्पष्ट होतात. दोघेही अधिकारवाणीपेक्षा पडताळणीस मान देतात. परंतु विज्ञान बाह्य जगाची पडताळणी करते, तर धम्म माणसाच्या अंतरंगाची व वर्तनाची पडताळणी करतो.

‘अध्यात्म’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांना खटकतो आणि त्यास कारणही आहे. आत्मा व परमात्मा यांच्याशी तो जोडला गेला आहे, आणि बुद्धांनी नित्य आत्मा मानलेला नाही. परंतु पाली वाङ्मयात ‘अज्झत्त’ हा त्याचाच सगोत्र शब्द येतो. त्याचा अर्थ आतले, आपल्या ठायीचे, एवढाच आहे. आपल्या श्वासाकडे, वेदनेकडे, मनात उठणाऱ्या रागाकडे जसे आहे तसे पाहणे, हे अज्झत्त निरीक्षण होय. सकाळी दहा मिनिटे शांत बसलेला विद्यार्थी कोणत्याही शक्तीची आळवणी करीत नसतो. त्याला राग येतो कसा, टिकतो किती आणि जातो कसा, हे तो पाहत असतो. या अर्थाने आपल्या शाळेतील ध्यान हे विज्ञानाच्या तासाच्या आड येत नाही. निरीक्षणाची सवय दोन्हीकडे एकच आहे.

सर्पदंशाचे उदाहरण

हे विवेचन केवळ तात्त्विक वाटू नये म्हणून आपल्या भागातील एक नेहमीचे उदाहरण घेऊ. रात्रीची वीज आली म्हणून पिकाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला किंवा जमिनीवर झोपलेल्या मुलाला साप चावतो. अनेक गावांत अजूनही पहिली धाव मांत्रिकाकडे असते. ‘आमच्या गावात इतके जण मंत्राने उठून बसले’ असे लोक खात्रीने सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात.

मग त्यांचे चुकते कोठे? आपल्याकडे आढळणाऱ्या सापांपैकी बहुसंख्य बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप होत. पण विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसे विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी पुष्कळ जण काहीही न करता वाचणारच असतात. त्यांच्या वाचण्याचे श्रेय मंत्राला मिळते. जे दगावतात त्यांच्याबाबत ‘आणायला उशीर झाला’ असे म्हटले जाते. वाचलेल्यांबरोबर दगावलेल्यांचीही मोजदाद करणे आणि मंत्र न घालताही किती जण वाचले असते हे विचारणे, ही वैज्ञानिक दृष्टी होय. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. एक प्रश्न लागतो.

खऱ्या विषबाधेवर प्रतिविष हाच उपाय आहे. सापाचे विष अत्यल्प मात्रेत घोड्याला टोचून हळूहळू मात्रा वाढवितात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात, ती वेगळी काढून औषध बनवितात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. भारतात मिळणारे प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर चालते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर सर्पदंश, विंचूदंश वा श्वानदंश झालेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. हा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर तो अस्तित्वात आला. प्रश्न विचारण्याची किंमत आजही किती मोठी असू शकते, हे विसरता येत नाही.

परंतु औषध बाटलीत आहे आणि कायदा पुस्तकात आहे, एवढ्याने मूल वाचत नाही. मध्यरात्री कोणी तरी उठले पाहिजे, मोटारसायकल काढली पाहिजे, मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गरज पडली तर घाटी रुग्णालयापर्यंत नेले पाहिजे. ते मूल आपल्या जातीचे, आपल्या भावकीचे आहे की नाही हे न पाहता उठणे, यालाच करुणा म्हणतात. विज्ञानाने औषध दिले, शिक्षणाने मांत्रिकाबद्दल प्रश्न विचारण्याचे धैर्य दिले आणि धम्माने अंथरुणातून उठविले. तिघांपैकी एक जरी कमी पडला तरी मूल दगावते.

येथे आपल्या समाजालाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या परित्तपाठांत सर्पांविषयी मैत्री व्यक्त करणारे सुत्त आहे. ते मन निर्वैर व्हावे म्हणून आहे. सर्पदंशावर उतारा म्हणून त्याचा वापर करणे म्हणजे मांत्रिकाला चीवर नेसविण्यासारखे आहे. विनयपिटकात सर्पदंश झालेल्या भिक्खूस त्या काळी ज्ञात असलेले औषध देण्याची अनुज्ञा बुद्धांनी दिली आहे. अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी स्नान घातले, हेही विनयात नोंदलेले आहे. बुद्धांचा मार्ग औषध आणि शुश्रूषा यांचा होता.

मूठभर पाने

दुसऱ्या टोकाचा एक मोहही टाळला पाहिजे. अणू, गुरुत्वाकर्षण, उत्क्रांती हे सारे बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते, असे काही उत्साही वक्ते म्हणतात. यात आदर असला तरी सत्य नाही, आणि धम्माला अशा प्रमाणपत्राची गरजही नाही. कोसंबीच्या वनात तथागतांनी शिंसपा वृक्षाची काही पाने मुठीत घेतली आणि भिक्खूंना विचारले की हातातील पाने अधिक की वनातील. आपण जाणतो ते वनातील पानांइतके आहे, पण सांगितले मात्र मुठीतील पानांइतकेच, कारण दुःखमुक्तीस तेवढेच उपयोगी आहे, असा त्यांचा आशय होता. वनातील पाने मोजण्याचे काम विज्ञानाचे आहे. मुठीतील पानांवर आपले जीवन कसे उभारावे, हे धम्म सांगतो.

विज्ञानालाही ही मर्यादा लागू आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची रीत शोधली. आपला शेतकरी जो युरिया टाकतो त्याचे मूळ त्या शोधात आहे आणि जगातील कोट्यवधी लोकांचे अन्न त्यावर अवलंबून आहे. याच हाबर यांच्या पुढाकाराने २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि खंदकांतील सैनिक गुदमरून मेले. विद्वान एकच, विद्या तीच. काय करता येते हे रसायनशास्त्राने सांगितले. काय करू नये हे सांगणे त्याच्या कक्षेत नव्हते. शीलाविना विद्या घातक ठरते, असे बाबासाहेब वारंवार बजावीत ते यासाठीच. प्रज्ञा, शील आणि करुणा हे शब्द त्यांनी नेहमी एकत्र उच्चारले.

वसतिगृह हाही एक वर्गच

निवासी शिक्षणाची आपल्याकडील परंपरा याच जाणिवेतून वाढली. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिच्या वतीने सोलापूरला वसतिगृह उघडले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवायला बसविली. राहण्याची सोय करणे एवढाच या सर्वांचा हेतू नव्हता. एकत्र राहणे, स्वतःचे ताट स्वतः घासणे, आजारी सोबत्याजवळ रात्री जागणे, भांडण झाल्यावर दुसऱ्याची बाजू ऐकून घेणे, हे धडे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मावत नाहीत. आपल्या शाळेला याच परंपरेतील एक लहान दुवा मानण्यात आम्हांस धन्यता वाटते.

आपल्या संविधानानेही हे नाते ओळखले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१-क मधील एक मूलभूत कर्तव्य वैज्ञानिक दृष्टिकोनाबरोबरच मानवतावाद, शोधकबुद्धी आणि सुधारणेची वृत्ती यांचाही विकास करण्यास सांगते. संविधानाने मानवतावादापासून विज्ञान वेगळे काढलेले नाही. आपणही काढू नये.

आज काय पणाला लागले आहे

ज्या पिढीला शाळेच्या दाराबाहेर बसविले जात होते, तिची नातवंडे आज वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांना बसत आहेत. ही लहान गोष्ट नाही. पण या यशाबरोबर काही नवी संकटेही घरात आली आहेत. गुण हेच शिक्षण, असे समीकरण दृढ होत आहे. शिकवणीवर्गाच्या ओझ्याखाली मुलांची झोप आणि हसू हरपत आहे. यंत्र क्षणात उत्तर देते, त्यामुळे प्रश्नाशी झुंजण्याची गरजच उरली नाही असे मुलांना वाटू लागले आहे. उच्चशिक्षित घरांत हुंडा घेतला जातो, वास्तुदोष पाहिला जातो आणि पोटजात विचारूनच सोयरीक ठरते. पदवी आली, पण मिलिंद आला नाही.

या साऱ्याच्या मुळाशी भय आहे, असे आम्हांस वाटते. विद्यापीठामागील डोंगरातील आपल्या शहराच्या लेण्यांत, सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे एक भव्य शिल्प आहे. आग, सर्प, हत्ती, बुडते गलबत अशा आठ महाभयांत सापडलेली माणसे त्याच्या भोवती कोरलेली आहेत. आजची भये वेगळी आहेत. नापास होण्याचे भय, बेकारीचे भय, दुष्काळाचे भय, लोक काय म्हणतील याचे भय. भ्यालेला माणूस प्रश्न विचारीत नाही. तो हाती लागेल तो दोरा बांधून घेतो. म्हणून मुलाला निर्भय करणे हे आजच्या शिक्षणाचे पहिले काम आहे.

पालकांना आमची विनंती आहे की सुटीत मूल घरी आले म्हणजे ‘किती गुण मिळाले’ याआधी ‘या महिन्यात कोणता प्रश्न विचारलास’ असे त्यास विचारावे. ते गप्प गप्प राहू लागले, जेवणावरची वासना उडाली, जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर केवळ ध्यानाला बसवून समाधान मानू नये. ध्यान मनाला सावरते, परंतु नैराश्य हा आजार आहे आणि त्यास वैद्य लागतो. सर्पदंशाला जो न्याय, तोच मनाच्या दुखण्याला.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे अधिक मोठे आहे. आपण डॉक्टर, शिक्षक, अभियंते, कामगार, शेतकरी झालात. वर्षातून एखादा दिवस शाळेत येऊन मुलांच्या प्रश्नांना सामोरे जावे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ असे त्यांच्यासमोर म्हणावे. मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकलेले मूल ज्ञानाला कधी भीत नाही. आणि गावी गेल्यावर रात्री-अपरात्री कोणी दार ठोठावले, तर ते उघडणारा माणूस आपल्या शाळेत शिकलेला असावा.

नागसेनवनात विद्यालय उभे राहिले तेव्हा येथे साधने थोडी होती. आज साधने पुष्कळ आहेत. आपल्या मुलांना ती लाभोतच. पण त्यांबरोबर राजालाही पंडितांच्या रीतीने बोलायला लावणारे नागसेनांचे धैर्य लाभो आणि दृष्टान्तामागून दृष्टान्त मागणारी मिलिंदाची चिकाटीही लाभो, हीच या प्रसंगी आमची मंगल कामना.

नमो बुद्धाय. जय भीम.